गुरुवारचा ड्रायव्हर

दाजी, तुम्ही घरी नसताना मी एकदा तुमच्या गाडीखाली गेलो होतो. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. सांगायला आठ महिने होते, दर गुरुवारी आपण दोघं त्याच गाडीत शेजारी बसलेले असायचो, तरी राहिलं. परवा तुमचा तेरावा झाला. पाहुणे जेवून गेले, मंडपवाला खांब उपसून घेऊन गेला, आणि ताईच्या अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की आता हे ज्याला सांगायचं तो माणूसच उरलेला नाही. तेव्हा लिहून टाकतो. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं, मी शाळेत विज्ञान शिकवलंय. पण बहिणीच्या नवऱ्याशी पस्तीस वर्षं वाद घालायची सवय एका तेराव्याने जात नाही.

तेराव्याला गावातले एकजण उठून बोलले. म्हणाले, भाऊ (तुम्हाला अख्खं गाव भाऊच म्हणायचं) म्हणजे शांत माणूस, कुणाला कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. मी मान खाली घालून ऐकलं. शांत! एसटीच्या वर्कशॉपात तुम्ही जन्म काढला, तुमचा आवाज मांजरसुंब्याच्या चौकात पार पलीकडच्या ढाब्यापर्यंत जायचा. ऊसतोडीचे दिवस आले की टोळ्या घेऊन निघालेले ट्रॅक्टर त्या चौकातून जायचे, आणि तुम्ही चहाचा कप हातात धरून त्यांच्या पुढच्या चाकांकडे बघत उभे राहायचात. एकदा एका ट्रॅक्टरचं चाक तुम्हाला डुलताना दिसलं. कप माझ्या हातात कोंबून तुम्ही थेट रस्त्याच्या मधोमध. "अय बे, थांब! कुठं पळायलास? पुढचं चाक बघ की कसं नाचायलंय! मागं लेकरंबाळं बसलीत का पोती?" तो बिचारा घाबरून खाली उतरला. मग तुम्हीच ट्रॅक्टरखाली शिरलात, अर्ध्या तासाने काळे हात घेऊन बाहेर आलात, आणि ट्रॉलीतल्या एका बाईने दिलेली भाकरी उभ्या उभ्या खाल्लीत. वर तिलाच सांगितलंत की बाई, चटणी लई तिखट हाय तुझी. असा तुमचा शांत स्वभाव.

तर आपल्या वादाकडे येतो.

ती पांढरी गाडी तुम्ही बीडच्या एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हाच ती पंधरा वर्षांची होती. तुमच्या हातात आणखी दहा वर्षं चालली. गोठ्याला लागून तुम्ही छातीभर खोल खड्डा खणून घेतलात, कडा दगडांनी बांधल्या, उतरायला चार पायऱ्या केल्या. अर्ध्या गावाने पाणी लागलं का म्हणून चौकशी केली. गाडी त्या खड्ड्यावर उभी करायची, एकाने वर स्टिअरिंगवर बसायचं आणि दुसऱ्याने खाली उतरायचं. स्टिअरिंगचा दोष एकट्या माणसाला सापडत नाही, हे मी तुमच्याकडून शिकलो. वरच्याने स्टिअरिंग बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे असं हलवत राहायचं आणि खालच्याने एकेका सांध्यावर हात ठेवत जायचं. ज्या सांध्यापाशी वरचं हलणं उशिरा पोचतं, तिथे दुखणं. "डोळे मिटा मास्तर," तुम्ही वरून ओरडायचात. "डोळ्याला न्हाई दिसत ते. हाताला कळतंय."

गेल्या वर्षी खटखट सुरू झाली. खराब रस्त्यावर, गाडी हळू असताना, पायाशी कुणीतरी दार वाजवल्यासारखी. तुम्ही तुमच्या शिस्तीने निघालात. आधी टायरमधली हवा बघितलीत, मग चाकांचे नट, मग सस्पेन्शनची रबरं. तिथे काही सापडलं नाही तेव्हा खड्डा. मी खाली उतरलो आणि मला डाव्या चाकाजवळ, चाक वळवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे टायरॉडच्या, टोकाला ढिलेपणा लागला. मग तुम्ही खाली आलात, मी वर बसलो. तुम्ही बराच वेळ हात फिरवलात आणि म्हणालात, "टायरॉड थोडा गेलाय, पण आवाज त्याचा न्हाई. रॅक गेलाय."

रॅक म्हणजे काय, ते तुम्ही मला काडीने मातीत काढून दाखवलंत. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला लहानसं दातेरी चाक, त्याच्या खाली आडवी दातेरी सळई. आपण वर फिरवलं की सळई डावी-उजवीकडे सरकते आणि पुढची चाकं वळतात. "माणूस जलमभर सरळच चालवतो," तुम्ही म्हणालात, "म्हणून मधले दात झिजतेत. कडंचे नव्यावाणी राहतेत." मला हे पटलं होतं, दाजी. चित्र बघताक्षणी पटलं होतं. पण तुमचं पटलं असं तोंडाने म्हणायची मला सवय नव्हती. मी म्हणालो, रॅक काढायचा म्हणजे गाडी उघडी पडणार, आधी टायरॉड बदलू, आवाज त्याचाच आहे.

"बदला. आवाज जाणार न्हाई."

"आणि गेला तर?"

"गेला तर ह्याच अंगणात, तुमच्या बहिणीसमोर म्हणीन, मास्तरला माझ्यापरीस जास्ती कळतंय."

ताई ओट्यावर तूर निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "घरातलं एक काम सांगितलं तर दोघांना बी ऐकू येत न्हाई. गाडीतली खटखट बरी ऐकू येती."

टायरॉड बदलला. आवाज गेला नाही. मी म्हणालो, नवीन भाग आहे, बसायला दोन-चार दिवस लागतात. असं काही नसतं, हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही. तुम्ही म्हणालात, "बरं. गुरुवारी बघू."

मंगळवारी त्या आवाजापायी राहवेना म्हणून मी तुमच्याकडे आलो तर घराला कुलूप. तुम्ही ताईला घेऊन डोळे दाखवायला बीडला गेला होतात, एसटीने, कारण गाडी खड्ड्यावर उभी होती. मी बीडहून इकडे आणि तुम्ही इकडून बीडला. खड्ड्याकडे बघितलं आणि मला बुद्धी सुचली. रॅकच्या पोटाखाली एक मोठा नट असतो. तो आवळला की आतला ठोकळा सळईला वर दाबून धरतो आणि मधल्या झिजलेल्या दातांमधला खुळखुळा बंद होतो. हा नट तुम्हीच मला दाखवला होता, आणि याला हात लावायचा न्हाई म्हणून बजावलंही होतं. कारण मध्ये गच्च बसेल असा आवळला, तर कडेच्या न झिजलेल्या दातांना तो जास्त होतो. सरळ रस्त्यावर गाडी गोड चालते, वळणावर स्टिअरिंग अडतं. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरी मी खाली उतरलो. तुमच्या गोठ्याच्या भिंतीवर ओळीने टांगलेल्या पान्यांमधून नेमका मापाचा शोधत बसायला धीर नव्हता, म्हणून तोंड कमी-जास्त होणारा पाना उचलला. तो दोनदा सटकला, बोटं सोलली. शेवटी नट फिरला. पाव फेराही जास्त झाला असता तिथे मी जवळपास पूर्ण फेरा दिला, पाना पुसून जागेवर लावला आणि पहिल्या गाडीने बीडला परत गेलो. एकसष्ट वर्षांचा माणूस, दोन पिढ्यांना कॉपी करू नका म्हणून छड्या मारलेला.

गुरुवारी आपण ताईला घेऊन मांजरसुंब्यापर्यंत जाऊन आलो. रस्ता सरळ, आवाज गायब. तुम्ही गाडी अंगणात उभी केलीत, थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसलात, मग उतरलात आणि शब्द पाळलात. ताईसमोर, मोठ्याने. मी हसलो, दाजी. पुढचे पंधरा दिवस मी खूष होतो, हे कबूल करतो. माझी बायको सुमन जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि त्या दिवसांत मी पहिल्यांदाच आरशासमोर उभं राहून शीळ घातली.

मग तुमचा फोन आला. "मास्तर, हात भरून येतेत माझे. घाटात वळण ओढंना. वय झालं आता. गाडी तुमीच चालवायची. दर गुरुवारी या."

मला तिथल्या तिथे कळलं काय झालंय. तुमच्या हातांना काही झालेलं नव्हतं, माझ्या नटाने तुम्हाला म्हातारं केलं होतं. मला तेवढंच सांगायचं होतं, की दाजी, हात ठीक आहेत तुमचे, खाली जाऊन नट सैल करा. एक वाक्य. त्याऐवजी मी म्हणालो, "येतो."

म्हणून आठ महिने दर गुरुवारी मी बीडहून यायचो आणि तुम्हाला फिरवायचो. कधी मांजरसुंब्याला भजी खायला, कधी कपिलधारला, कधी घाट उतरून बीडला आणि परत. मी गाडी शिकलो पन्नाशीत, त्यामुळे ड्रायव्हर म्हणून माझी लायकी तुम्हाला ठाऊक होती. घाटात मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरायचो. वळण घेताना ते जड लागायचं, आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ यायला हवं ते यायचं नाही. प्रत्येक वळणाला माझं पाप माझ्या हाताशी यायचं. तुम्ही डावीकडे बसून म्हणायचात, "मास्तर, हात ढिले सोडा की जरा. मानगूट धरल्यावाणी काय धरलंय?"

"जड आहे, दाजी."

"आसंल. जुनी गाडी हाय." आणि तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागायचात.

मला तुमच्याकडे बघवायचं नाही. पन्नास वर्षं गाड्या हाताळलेले ते हात मांडीवर नुसते ठेवलेले. मी किती वेळा ठरवलं की पुढच्या गुरुवारी लवकर जायचं, तुमचा डोळा चुकवून खड्ड्यात उतरायचं आणि नट सोडायचा. पण नट सोडला की खटखट परत येणार, आणि खटखट आली की तुम्हाला सगळं कळणार. एक माणूस गाडी चालवायचा बंद झाला तरी चालेल पण आपण खोटे ठरायला नको, असा माझा हिशेब होता. तो लिहिताना आता कान तापतात.

आणि तरी, दाजी, ते आठ महिने चांगले गेले. हे कसं ते मला समजावून सांगता येणार नाही. आपण घाट दुसऱ्या गिअरवर उतरावा की तिसऱ्या, यावर भांडलो. मी तुम्हाला उतारावरच्या बलाचं गणित सांगितलं आणि तुम्ही मला म्हणालात की तुमच्या गणिताला ब्रेक हाय का. तुम्ही मला विचारायचात, सकाळी काय खाल्लंत, आणि मी चहा म्हणालो की गाडी वळवून घरी न्यायला लावायचात. ताईच्या हातची भाकरी-पिठलं मी आधी नको नको म्हणत खाल्लं, मग न म्हणता खायला लागलो. गुरुवारी दाढी करायला लागलो. मग बुधवारी शर्टाला इस्त्री करायला लागलो. सुमनबद्दल मी पहिल्यांदा बोललो ते त्याच गाडीत, कपिलधारच्या उतारावर. रस्त्याकडे बघत बोलायचं असलं की बोलता येतं. शेवटच्या आजारात ती मला सारखी म्हणायची की तुम्ही एकटे राहू नका, आणि मी नेमकं तेच केलं, असं मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, "पुढं खड्डा हाय. डावीकडून घ्या." मला त्या क्षणी याहून चांगलं कुणी काही बोलू शकलं नसतं.

शेवटचा गुरुवारही गिअरच्या भांडणातच गेला. उतरताना तुम्ही म्हणालात, "ऱ्हायलेलं पुढल्या गुरुवारी." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन तुम्ही बाजेवर टेकलात आणि ताईला वाटलं डुलकी लागली. तिसऱ्या गिअरचा मुद्दा अजून तसाच आहे. मी माघार घेतलेली नाही.

काल गुरुवार होता. मी ताईकडेच मुक्कामाला होतो. सकाळी ती अंघोळ करून आली आणि म्हणाली, "वसंता, मला कपिलधारला ने. तेरा दिस घरातच हाय मी."

मी म्हणालो, "आधी गाडी बघायला पाहिजे ताई. स्टिअरिंगमध्ये दोष आहे."

"कसला दोष? त्यांनी कधी सांगितलं न्हाई."

"आहे एक."

ताईला शेजारी बसवून घाटरस्त्याला लागायचं आणि तो नट तसाच ठेवायचा, हे माझ्याने होणार नव्हतं. तुमच्याशी खोटं वागलो ते वागलो. गाडी खड्ड्यावर घेतली. भिंतीवरून या वेळी मापाचे तीन पाने काढून घेतले. आणि मग अडलं, कारण वर बसायला कुणी नव्हतं.

"ताई, तू बस स्टिअरिंगवर."

"मी? मला मेलीला काय येतंय त्यातलं?"

"काही यायला नको. बोटभर इकडे, बोटभर तिकडे. नुसतं हलवत राहा."

ती पदर खोचून चढली. इतक्या वर्षांत त्या सीटवर ती पहिल्यांदाच बसली असावी. मी खाली उतरलो. वरून आवाज आला, "हलवू का?"

"हलव."

"येवढं?"

"एवढंच."

"आता थांबू का?"

"थांबू नको ताई. हलवत राहा."

मग तिला लय सापडली. मी डोळे मिटले आणि एकेका सांध्यावर हात ठेवत गेलो. टायरॉडचं टोक, मग आतला सांधा, मग रॅक. ताईचा हात वर हलला की त्याच क्षणी खाली सगळं हलत होतं. उशीर कुठेच नव्हता. खुळखुळा नाही, अडणं नाही. इतकं साफ काम मी त्या गाडीत कधी हाताने पाहिलं नव्हतं. मी डोळे उघडले आणि बॅटरी लावली.

रॅकच दुसरा होता. त्याच्या दोन्ही टोकांची रबरी टोपणं कोरी, काळी, त्यांच्या पट्ट्या चकचकीत. पोटाखालचा नट जागेवर होता, पण त्याचे सहाही कोपरे धारदार, आणि नटावरून रॅकच्या अंगावर एक पांढऱ्या रंगाची रेघ ओढलेली. वर्कशॉपात तुम्ही शेवटचा हात फिरवलेल्या नटावर अशी रेघ ओढायचात. नट उद्या जरासा जरी हलला तरी रेघ मोडलेली दिसते, असं तुम्ही मला सांगितलं होतं. ही रेघ अखंड होती. मी आवळलेला नट तिथे नव्हताच. माझा गुन्हाच कुणीतरी गाडीखालून सोडवून नेला होता.

"ताई," मी खड्ड्यातूनच विचारलं, "या गाडीचं काम कधी केलं?"

"कसलं काम?"

"खालचं. नवीन सामान दिसतंय."

"ते व्हय. गफार मिस्त्रीकडं दोन दिस होती बीडला. तुजा तो टायरॉड बसवला त्याच्या पंधरा दिसांनी. दोघं मिळून काय काय करत होते. ते जुनं लोखंड गोठ्यात पोत्यात पडलंय बघ. मी म्हणलं टाकून द्या, तर म्हणले, राहू दे, मास्तरची आठवण हाय."

मी गोठ्यात जाऊन पोतं उघडलं. तो रॅक तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवलेला होता. नट मी आवळला होता तसाच गच्च, आणि त्याचे कोपरे खाऊन गोल झालेले. तोंड कमी-जास्त होणाऱ्या पान्याने नटाचं असं वाटोळं करणारा माणूस तुमच्या ओळखीत एकच होता. त्यावरून तुम्ही मला किती वेळा झापलं होतंत. तुम्ही तो नट बघितला असेल तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काय आलं असेल, याचा मी काल दिवसभर विचार केला. हसला असाल, असं मला वाटतं. शिवीही दिली असेल.

मग मी दिवस मोजले. टायरॉडनंतर पंधरा दिवसांनी गाडी गफारभाईकडे. तुमचा तो फोनही त्याच सुमाराला, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. म्हणजे हात भरून येतेत असं तुम्ही मला सांगितलंत, तेव्हा गाडी दुरुस्त होऊन अंगणात उभी होती. आठ महिने मी ज्या जड स्टिअरिंगला घाबरत होतो, ते जड नव्हतंच.

आम्ही कपिलधारला निघालो. ताई तुमच्या जागेवर बसली. पहिलं मोठं वळण आलं तेव्हा मी वळण घेतलं आणि हात सैल सोडले. स्टिअरिंग माझ्या तळव्यांमधून आपोआप फिरून सरळ झालं. इतके महिने ते परत येत नव्हतं कारण मी त्याला येऊच देत नव्हतो. मला हसू फुटलं. ताई म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही. हे आपोआप येतं."

"येतंच की. ते बी असंच सोडायचे वळणावर."

"हो, पूर्वी."

"पूर्वी कशाला? जायच्या आधल्या सोमवारी हितंच आलतो की आमी."

मी गाडी कडेला घेतली. "चालवत कोण होतं?"

"कोण म्हंजे? तेच." ताई माझ्याकडे बघत राहिली. मग तिला वाटलं असेल, आता लपवून तरी काय. "गुरुवार सोडून रोज तेच चालवायचे. बाजाराला, रानात, समदीकडं."

"मग मला कावून बोलवायचे?" माझ्या तोंडून तुमचीच भाषा निघाली.

"सुमन गेल्यावर तुला किती येळा ये म्हणलं आमी? सणाला बोलावलं, जेवायला बोलावलं. आलास का? गाडी बिघडली तरच यायचास, न्हाईतर येतो म्हणायचास अन् दार लावून बसायचास. मी इकडं रडायची. एक दिवशी गफारकडून आले अन् म्हणले, रडू नको, मास्तर येईल आता. जेवायला बोलावलं तर येत न्हाई तो, माजं अडलंय म्हणलं की पळत येईल. अन् आलास की."

खरं सांगू, दाजी, मला आधी राग आला. एवढं सगळं हातात असून तुम्ही मला आठ महिने तसंच झुरू दिलंत? घाटात माझे खांदे आखडत होते आणि तुम्ही शेजारी बसून खिडकीबाहेर काय बघत होतात, हसू लपवत होतात? मग वाटलं, तुम्ही ते पोतं उघडून माझ्यासमोर ठेवलं असतं तर मी काय केलं असतं. माफी मागितली असती, तोंड लपवून बीडला गेलो असतो आणि पुन्हा कधी आलो नसतो. तुम्ही मला शरमेने नाही, गरजेने बांधून ठेवलंत. माझ्या चोरीचं तुम्ही मलाच औषध केलंत. आणि त्यासाठी अंगणात मोठ्याने म्हटलेलं ते वाक्य, मास्तरला जास्ती कळतंय, तसंच राहू दिलंत. गावभर तुमचं नाव होतं की स्टिअरिंगच्या दुखण्यात भाऊंचा हात धरणारा कुणी नाही. ते नाव तुम्ही माझ्यासमोर गहाण टाकलंत आणि पुन्हा सोडवायला आला नाहीत.

कपिलधारला पोचल्यावर ताई दर्शनाला गेली. मी म्हणालो, तू हो पुढे, मी येतो मागून. गेलो नाही. मी उतरलो, गाडीला वळसा घातला आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसलो. तिथे मी कधीच बसलो नव्हतो. त्या आठ महिन्यांत ती जागा तुमची होती आणि त्याआधी मी मागे बसायचो, कारण पुढे ताई असायची. दार ओढून घेतलं, हात मांडीवर ठेवले. त्या जागेवरून समोरचा रस्ता दिसतो, पण उजवीकडचं वळण दिसत नाही, मध्ये चालवणारा येतो. ज्या माणसाला रस्ता बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही, त्याने आठ महिने, दर गुरुवारी, उजव्या वळणावर रस्त्याऐवजी माझ्या तोंडाकडे बघत प्रवास केला. माझी दाढी केलेली आहे की नाही, मी खाल्लंय की नाही, एवढं बघायला.

मी मोठ्याने म्हणालो, "रॅकच होता, दाजी. आवाज रॅकचाच होता." आजूबाजूला माणसं होती. एका बाईने वळून बघितलं. मला अजिबात लाज वाटली नाही.

थोड्या वेळाने ताई आली. कपाळाला अंगारा, हातात माझ्यासाठी प्रसाद. काचेतून आत बघत म्हणाली, "तिकडं कावून बसलास? मला न्हाई बे चालवता येत." तोंडात तुमचा बे आलेला ऐकून ती स्वतःच दचकली, आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा हसली.

मी उतरलो, पलीकडे गेलो आणि गाडी सुरू केली.